सोडूला हवी लाल नदी

मंजूच्या अंगात एक लाल नदी वाहते. झुळझुळ, झुळझुळ.

नदीत राहतो सोडू, सोड्याचा कण. इवलासा, पांढरा, गोल. नदी आंबट होऊ द्यायची नाही, हे सोडूचं काम.

एका दुपारी मंजू न जेवताच आडवी झाली. नदी वाहत वाहत मूत्रपिंडाशी आली. पाठीशी असतं ते, घेवड्याच्या दाण्यासारखं. तिथे होती एक गाळणी. तिच्यातून सोडू निसटला. सुळ्ळकन. पडला लांब नळीत. नळी चालली शूच्या वाटेनं. तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही.

"माझी नदी मागे राहिली. आता ती आंबट होईल," सोडू म्हणाला. त्याला रडू आलं.

टुपुक टुपुक, सोडू गेला भिंतीकडे. भिंतीत राहते पेशीमावशी.

"मावशी, मावशी, पलीकडे ने. नदी भेटेना."

"एकट्याला नाही नेत. आंबटदादाचा हात धरून ये."

आंबटदादा भिंतीतून डोकावत होता.

"दादा, दादा, बाहेर ये. मावशी नेईना, नदी भेटेना."

"मीठताई आत जाईल, तेव्हा येईन."

टुपुक टुपुक, सोडू गेला मीठताईकडे. ती नळीत तरंगत होती.

"ताई, ताई, आत जा. दादा येईना, मावशी नेईना, नदी भेटेना."

"आत दाटी झालीय. रहाटआजोबा आतलं मीठ उपसून जागा करतील, तेव्हा जाईन."

सोडूनं भिंतीला कान लावला. आत रहाटआजोबा पेंगत होते.

"आजोबा, आजोबा, रहाट फिरवा. ताई जाईना, दादा येईना, मावशी नेईना, नदी भेटेना."

"बळ नाही रे बाळा. मंजू घास खाईल, तेव्हा फिरवीन."

सोडूनं हळूच साद घातली.

"मंजू, मंजू, घास खा. रहाट फिरेना, ताई जाईना, दादा येईना, मावशी नेईना, नदी भेटेना."

मंजूला काही ऐकू आलं नाही. पण तिचं पोट बोललं. गुडगुड, गुडगुड.

"आई, पोट बोलतंय."

"काय म्हणतंय गं?"

"भात मागतंय."

आईनं मऊ भात कालवला. वर तूप घातलं.

मंजूनं घास खाल्ला. मग आणखी एक.

रहाट फिरला, खुळुक खुळुक. आत जागा झाली. ताई आत गेली. दादा बाहेर आला. सोडूनं त्याचा हात धरला.

आणि दोघं विरघळले. झाला एक थेंब. झाला एक बुडबुडा. बुडबुडा तरंगत, तरंगत भिंतीच्या आत शिरला. आत तो पाण्याला मिळाला, दादा सुटून आतच राहिला, आणि सोडू पुन्हा सोडू झाला. इवलासा, पांढरा, गोल.

मावशीनं पलीकडचं दार उघडलं.

"जा बाळा, तुझी नदी."

झुळझुळ, झुळझुळ. सोडू पाण्यावर पाठ टेकून पडला. नदीचा आंबटपणा निवला. मंजूचं अंग हलकं झालं. ती उठून बसली.

"आई, मी अंगणात जाऊ?"

"हात धुऊन जा," आई म्हणाली.