जाकिटावरचा रेनकोट

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीने बजावलंय. आईला वाटतं, आज आम्ही बारशाला गेलो होतो. खरं म्हणजे आम्ही चिपळूणच्या बाइक क्लबबरोबर कुंभार्ली घाटात निघालो होतो. या राइडची मावशी वर्षभर वाट बघत होती.

क्लबचे अध्यक्ष हेमंतराव सुर्वे नवं परदेशी जाकीट घालून आले होते. भयंकर महाग, पण आत थेंबसुद्धा शिरणार नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते. मावशीचा आठवडी बाजारातला प्लास्टिकचा रेनकोट पाहून ते हसले.

"ही काय भाजीची पिशवी घालून आलात, ताई? असलं घाटात चालत नाही. तुम्ही घरी जा."

मावशीचा चेहरा पडला. तेवढ्यात जोरदार सर आली. हेमंतरावांनी घाईघाईने बॅगेतून प्लास्टिकचा रेनकोट काढला आणि जाकिटावर चढवला.

"हे कशाला?" मावशीने विचारलं.

"अहो, एवढं महागाचं जाकीट! भिजून खराब नाही का होणार?"

"म्हणजे तुमच्या जाकिटाला भाजीची पिशवी पुरते," मावशी म्हणाली, "मग मला का नाही पुरणार?"

सगळा क्लब खो खो हसला. मावशीला न्यावंच लागलं. हेमंतरावांनी रागाने रेनकोट काढून टाकला. मग घाटात ट्रकने चिखल उडवला की ते गाडी थांबवून रुमालाने बाह्या पुसायचे आणि मावशी पुढे

थांबा, आई हाक मारतेय. माझ्या बुटांना एवढा लाल चिखल कुठला, असं विचारतेय, आणि मी