सातवा बुरूज आणि भिवराबाईची चिंच

"समाधानी माणसाला झाड कशाला लागतं गं, म्हातारे?" जहागीरदार हैबतराव भर चावडीत गरजले. "मघाशी तूच म्हणालीस ना, मला काही कमी नाही म्हणून?"

"म्हणाले, आणि अजून म्हणते," भिवराबाई सनगरीण तसूभरही हलली नाही.

भांडण तिच्या दारातल्या चिंचेवरून पेटलं होतं. हैबतरावांच्या गढीला सहा बुरूज होते आणि सातवा त्यांना नेमका त्या चिंचेच्या जागी हवा होता. भिवराबाई घोंगड्या विणायची. चिंचोक्यांची खळ दिल्याशिवाय घोंगडीला ताठपणा येत नाही, म्हणजे चिंच पडली की तिचा माग बंद पडला आणि मागोमाग चूलही.

"जन्मभर घोंगड्याच विणल्यास," हैबतराव म्हणाले. "पुढं जायची हौस नाही, त्याला तू समाधान म्हणतेस."

"हौस नाही कशी? कालच्यापेक्षा आजची घोंगडी सरस उतरावी म्हणून जीव टाकते, आणि उतरली की सुखानं झोपते. सरकारांना लागते का झोप?"

लोकांनी हसू दाबलं. हैबतरावांच्या मिशा थरथरल्या.

"माझा न्याय ऐक. जो समाधानी, त्याला काही ठेवायची गरज नाही. ज्याला अजून हवं आहे, वस्तू त्याची. उद्या चिंच तुटेल."

भिवराबाईनं पदर खोचला. "तोडा. पण सातवा बुरूज झाल्यावर तरी तुमचं समाधान होईल ना?"

"होईल तर. मग मला जगात काही नको."

"मग सरकार, बुरूज पुरा झाला की तुमच्याच न्यायानं ही गढी कुणाला द्यायची, तेवढं आजच पंचांसमोर सांगून ठेवा."