वीतभर सोडलेली फळी

आंबेखोलच्या सातेरीच्या देवळात पालखीला हात जोडून पाहुणे निघाले, की सोनू मेस्त्री त्यांना थांबवतात. "खालून हात फिरवून बघा," म्हणतात. पालखी सगळी लोण्यासारखी गुळगुळीत. पण तळाच्या फळीला एका टोकाशी वीतभर जागा खरबरीत लागते, आणि तिच्या कडेला नखाएवढी एक खाच. मग मेस्त्री पायरीवर बसतात आणि सांगायला लागतात.

फार वर्षांपूर्वी गावात देवीची साथ आली. केरू सुतार वाचला, पण डोळे गेले. तापात तो बोलून गेला होता म्हणे, की उठलो तर आई सातेरीची पालखी माझ्या एकट्याच्या हातांनी करीन, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. तो उठला. घराच्या पडवीत रंधा, पटाशी, करवत सगळं जागच्या जागी होतं आणि हात सगळं ओळखत होते. नडलं ते एकच. दोन्ही अंगांना रंधा मारून झाला, की फळीचं वर कुठलं आणि खाल कुठलं ते बोटांना कळेना. तळाच्या दोन फळ्यांना त्यानं उलट्या बाजूनं खाचा पाडल्या आणि त्या वाया गेल्या. आता फणसाची एकच फळी उरली होती आणि जत्रा आठ दिवसांवर.

सून द्वारकी हे दारातून बघत असे. नवरा गलबतावर, घरात ही दोघंच. मुळातच ती भित्री. पाल चुकचुकली तरी हातातलं भांडं सुटायचं. पण काळजीनं सासऱ्याचं जेवणखाण सुटलेलं तिला बघवेना. एका दुपारी तो आडवा झालेला पाहून तिनं रंधा उचलला. फळीचं एक अंग त्यानं करून ठेवलं होतं, दुसरं आपण करावं, तेवढाच त्याला आराम. नवस तिला ठाऊक होता, तरीही. वीतभर फळी उरली आणि पाठीमागे सासरा खोकला. रंधा उडाला, लाकडात रुतला. द्वारकी भिंतीला जाऊन टेकली.

केरूनं फळीवर हात फिरवला.

"कोणी धरल्यान रंधो?"

"मी, मामंजी."

देवीचा कोप आणि सासऱ्याचा, दोन्ही आता एकदमच येणार, असं तिला वाटलं. पण त्याची बोटं खरबरीत जागेपाशी गेली, मागे आली, पुन्हा गेली.

"म्हणजे ही खालची बाजू," तो हळूच म्हणाला. "थांबलंस तां बरां केलंस. आता पुढे रंधो लावू नको."

जत्रेला पालखी उभी राहिली. लोक वाखाणू लागले, तोच केरूनं आपणहून सांगितलं, "सुनेचो हात लागलोहा. माझो नवस मोडलो."

द्वारकी खांबाआड सरकली. गुरवानं देवीला फुलं लावून कौल मागितला: पालखी मान्य असेल तर उजवं दे. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवं फूल खाली आलं, असं सांगतात. द्वारकी तेव्हाही दचकलीच म्हणे.

आजही आंबेखोलचा सुतार पाट करो की पाळणा, तळाला वीतभर जागेला रंधा लावत नाही. आणि आजही सुतारांच्या पडवीत शिरणारा माणूस खोकत नाही. अंगणातूनच हलक्या आवाजात विचारतो, "द्वारके, येव काय गो?" मग घरात कुणी द्वारकी असो वा नसो.