शिंक कोणाच्या घरची?

सूर्यदर्शनाच्या दिवशी युवराज शिंकले आणि करंजगडात हाहाकार उडाला!

झालं होतं ते एवढंच. चार महिन्यांच्या युवराजांना पहिल्यांदा अंगणात आणलं. भटजींनी मंत्र म्हटले, मंजुळाराणीनं बाळाचं तोंड उन्हाकडे केलं आणि... आंक्छी! आंक्छी! आंक्छी! तिसरी शिंक तर थेट भटजींच्या ताम्हनात.

"अपशकुन! अपशकुन!" भटजी ओरडले.

राजा उग्रसेन म्हणजे आधीच जमदग्नी. त्यात हे! "आमच्या घराण्यात ऊन बघून आजवर कोणी शिंकलं नाही. हे राणीच्या माहेरचं नाक आहे! उद्या दुपारपर्यंत ही शिंक आमच्या घरची आहे असं कोणी सिद्ध करून दाखवा. नाहीतर राणी आणि बाळ, दोघंही कायमची माहेरी!"

राणीला रडूच कोसळलं. कोसळणारच! लेकराच्या नाकापायी कोणी संसार मोडतं का?

राजवाड्यापुढे रोज रांगोळी घालणारी सगुणा तिथेच उभी होती. जीभ तिखट, डोकं त्याहून तिखट. तिला राहवेना.

"महाराज, शिंक काय आभाळातून पडते? आईकडून येते, नाहीतर बापाकडून. मी शोधून देते."

"तू? अगं, आमचे वडील गेले, आजोबा गेले. मेलेल्या माणसाची शिंक कुठून आणशील?"

"आणते की!"

सगळा दरबार खो खो हसला.

सगुणा आधी गेली राणीच्या वडिलांकडे. ते आणि राणीचे भाऊ या समारंभाला मुद्दाम आले होते. सगुणानं दोघांना अंगणात उभं केलं. "धनी, जरा वर बघा."

दोघांनी बघितलं. डोळ्यांना पाणी आलं, पण नाक गप्प! "पोरी, आम्ही भर उन्हात मळणी करणारी माणसं," वडील म्हणाले. "शिंकत बसलो असतो तर दाणे उडून गेले असते. आमच्यात कोणालाच हे नाही."

मग सगुणा गेली राजाच्या आत्याकडे. आत्यासाहेब रोज सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायच्या आणि शिंकून शिंकून बेजार व्हायच्या. वैद्यबुवा काढे पाजून थकले होते.

"पडसं गं मेलं!" आत्यासाहेब म्हणाल्या.

"घरात आल्यावर असतं का हो पडसं?"

"नाही बाई. घरात कसं एकदम मोकळं."

"आणि तुमच्या वडिलांना?"

आत्यासाहेब पदराआड हसायला लागल्या. "आबासाहेबांना? अगं, लढाईला निघाले की दारातून बाहेर पाऊल टाकताच शिंकायचे! शिंक झाली की अपशकुन, म्हणून फौज माघारी! शत्रू सीमेवर वाट बघून बघून कंटाळून घरी गेला. शेवटी आबासाहेबांनी डोक्यावर ही भली मोठी छत्री धरायला लावली. सावली आली, शिंक गेली! तेव्हापासून आमच्याकडे राजा अब्दागिरीशिवाय उंबरा ओलांडत नाही. लोकांना वाटतं, थाट आहे!"

हवा तो पुरावा मिळाला! सगुणानं आनंदानं त्यांचे पायच धरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणभर रांगोळी! पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल. नवराबायको आडव्या रेघेनं जोडलेले, त्यांची पोरं खाली लोंबलेली. ऊन बघून शिंकणाऱ्याच्या घरात हळद. राणीचं माहेर सगळं पांढरं. राजाकडे आजोबा पिवळे, आत्यासाहेब पिवळ्या आणि सगळ्यांत खाली युवराज पिवळेधमक.

राजा अब्दागिरीच्या सावलीत डुलत आला. "हं! आजोबा शिंकले, मान्य. पण आमच्या वडिलांचा चौकोन रिकामा आहे. आमचाही रिकामा! मधली दोन घरं ओलांडून शिंकेनं काय उडी मारली?"

"ती घरं रिकामी नाहीत महाराज, झाकलेली आहेत. तुम्ही सूर्य कधी बघितलात?"

राजा विचारात पडला. "तसा... चित्रात बघितलाय. पिवळा असतो."

"मग आज खराखुरा बघा! अब्दागिरी जरा बाजूला घ्यायला सांगा."

"घे रे बाजूला! आम्ही काय उन्हाला भितो?" म्हणत राजानं मान वर केली. नाक हुळहुळलं. मिशा थरथरल्या. "छे छे, आम्ही कधीच... आं... आमच्या घराण्यात... आं..."

आंक्छीऽऽऽ!

राजाचा मंदील उडून भटजींच्या डोक्यावर! खाली आजोबांच्या घरातली हळद जी उडाली, ती सगळी राजाच्या रिकाम्या चौकोनात जाऊन बसली. आईच्या कडेवर युवराजांनीही एक शिंक ठेवून दिली.

"शतंजीव! शतंजीव!" आत्यासाहेब सवयीनं म्हणाल्या. दरबाऱ्यांनी शेले तोंडात कोंबले.

"भटजी!" राजा गरजला. "हा अपशकुन का?"

"छे हो महाराज!" भटजी मंदील सावरत म्हणाले. "महाशकुन!"

राजानं नाक पुसलं. "सगुणे, शिंक आमचीच. कबूल! पण राजपुत्रानं असं चारचौघांत शिंकावं, यात कमीपणा नाही का?"

"कमीपणा कसला महाराज?" सगुणा म्हणाली. "बापाचं राज्य मिळायला बाप वर जावा लागतो. आमच्या युवराजांनी पणजोबांची शिंक बापाच्या डोळ्यांदेखत वारसाहक्कानं मिळवली, आणि तीही न भांडता!"

मग राजा जो हसत सुटला! हसता हसता मान वर गेली, पुन्हा शिंकला आणि पुन्हा हसला. "चुकलं आमचं, राणीसाहेब," म्हणत त्यानं बाळाला उराशी घेतलं. राणी रडता रडता हसली. राजानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून सगुणेच्या हातात ठेवला आणि ओढ्याकाठची अख्खी आमराई तिच्या नावे करून दिली, तिच्यामागून लेकीबाळींना पिढ्यान्‌पिढ्या!