स्वस्थ उभ्याला कोण धरते

एका राज्यात सात वर्षे वारा नव्हता. अचलनाथ मांत्रिकाने तो डोंगरावरच्या रांजणात कोंडला होता. निशाणे मान खाली घालून लोंबत, धान्य उफणता येत नसे, चुलीचा धूर चुलीपाशीच बसून राही. लोकांना सवय झाली होती.

एका सोमवारी सकाळी म्हाळसा गवंडीण अंगणात चुना चाळत होती. कुंपणावर साळुंकी येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुझा रायाजी दगड झाला."

म्हाळसेने चाळण खाली ठेवली. "कसे काय?"

"वारा सोडवायला गेला. मांत्रिक तीन प्रश्न घालतो. दोन जिंकला, तिसऱ्याला चुकला. आज सूर्य मावळायच्या आत कोणी तिन्ही सोडवले तर माणूस होईल. नाही तर कायमचा दगड."

"मला न सांगता गेले?"

"सांगितले असते तर तू जाऊ दिले असतेस?"

"मीच गेले असते," म्हाळसा म्हणाली, आणि पदर खोचून निघाली.

डोंगरमाथ्यावर अचलनाथ बसला होता. भोवती राजपुत्र, प्रधान, पंडित असे चाळीस जण दगड होऊन उभे होते.

"पंडित हरले, आता गवंडीण आली!" तो म्हणाला.

"पंडितांना उभे ठेवलेत महाराज, मला तरी बस म्हणा."

त्याने पहिला प्रश्न घातला. दोन दोरांवर एक घंटा टांगलेली होती. एक दोर जवळजवळ उभा, दुसरा बराच तिरपा. "जास्त ताण कोणावर?"

"उभ्यावर. घंटा ना इकडे सरकते, ना तिकडे. म्हणजे बाजूची ओढ दोघांची सारखी. तिरप्याला ती सहज जमते. उभ्याला तेवढ्या ओढीसाठी फार ताणावे लागते."

दुसरा प्रश्न हत्तीएवढ्या शिळेचा. ती गावाच्या माथ्यावर, उतारावर थांबली होती. "हिला कोणी धरले आहे?"

"उताराच्या खरखरीतपणाने."

"किती?"

"घसरू पाहते तेवढेच. कमी धरले असते तर गावात गेली असती. जास्त धरले असते तर डोंगर चढली असती."

साळुंकी खदखदून हसली. मांत्रिक हसला नाही. तो तिला रायाजीपुढे घेऊन गेला. "हा सपाट जमिनीवर उभा आहे. ना दोर, ना उतार. याच्यावर काय चालले आहे?"

उन्हे डोंगराच्या कडेला टेकली होती. काहीच नाही, हे शब्द म्हाळसेच्या ओठांपर्यंत आले. इतके स्वस्थ तिने त्याला कधी पाहिले नव्हते. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग तिचा हात आपल्याच मानेवर गेला.

"वीस वर्षे मी डोक्यावर दगडांची पाटी वाहते. पाटी हलत नाही, म्हणून लोक म्हणतात, बाई नुसती उभी आहे. मान काय करते ते मानेला ठाऊक. महाराज, यांचे वजन खाली रेटते आहे, आणि जमीन तेवढ्याच जोराने वर रेटते आहे. क्षणभर थांबली, तर हे आत जातील."

अचलनाथाने हात जोडले. "सात वर्षांत जमिनीचे नाव कोणी घेतले नव्हते."

रांजणाचे झाकण उडाले, मंत्र तुटला, आणि कायमचे दगड झालेलेही माणसे झाले. वारा सुटला. राजपुत्र शिंकला, पंडितांची पागोटी उडाली, आणि खाली राज्यातले प्रत्येक निशाण फडफडले. अचलनाथ पायवाटेने उतरून गेला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

रायाजीने डोळे चोळले. "म्हाळसा, तू इथे?"

"न्यायला कोणी नको का?"

"दोन जिंकले होते मी."

"ऐकले."

राजाने म्हाळसेला दरबारात आसन दिले. त्या राज्यातले गवंडी अजून तिच्या रीतीने चालतात: वस्तू स्थिर दिसली की ती कशाकशाला टेकली आहे ते आधी पाहतात, आणि जमिनीला सर्वांत आधी मोजतात.

रायाजीने तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर दिले होते, ते म्हाळसेने त्याला कधी विचारले नाही.