विडा देऊन विचारलेला प्रश्न

पूर्वी वेणुपुरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पाच मंत्र्यांतला सगळ्यांत धाकटा मंत्री होता. नाव सोमदत्त. अधिकार म्हणावा असा काही नव्हता. शेवटच्या आसनावर बसायचं आणि ऐकायचं.

राजाला नदीवर बांध घालायचा होता. काम सोपवलं होतं महाअमात्य दीर्घघोषाकडे. या माणसाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. बोलायला गोड आणि आतून महालबाड! रंगवलेलं कापड टांगून तो तीन घटका बोलला. बांध दाखवला, तळं दाखवलं, तळ्यातली कमळंसुद्धा दाखवली. तळं भरल्यावर जादा पाणी सोडायचा सांडवा दक्षिणेच्या ओढ्यात काढलाय, हे मात्र कापडाच्या कोपऱ्यात होतं आणि त्या कोपऱ्यावर त्याने हात ठेवला होता. त्या ओढ्याकाठी बुरुडांची वाडी होती, ऐंशी घरांची.

मग त्याने प्रश्न विचारले. कसले प्रश्न! "महाराजांची कीर्ती वाढू नये असं कुणाला वाटतं का?" "शेतं हिरवी व्हावीत ना?" अरे, याला नाही कोण म्हणणार? आपलंच उत्तर दुसऱ्याच्या तोंडात कोंबायचं आणि त्याला विचारणं म्हणायचं!

शेवट तर ऐकाच. त्या दरबारात रीत अशी, की राजाकडून विडा मिळाला की तो तिथेच तोंडात घालायचा, आणि भरल्या तोंडाने राजासमोर बोलायचं नाही. दीर्घघोषाने आधी विडे वाटायला लावले. सगळ्यांचे गाल फुगले, तेव्हा कोपऱ्यावरचा हात न हलवता मान लववून म्हणाला, "कुणाला काही शंका असेल तर निःसंकोच विचारा." नीच! माझ्याकडे दुसरा शब्द नाही. दारापाशी त्या वाडीची काली उभी होती. वाडीची संमती आहे असं दाखवायला तिला आणलं होतं. विडा तिलाही दिला होता.

सोमदत्ताने आपला विडा तळहातावर काढून ठेवला. सभा दचकली. हा राजाचा अपमान; यात मंत्रिपद जायचं. रागाने त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज चढला नाही.

"अमात्य, महापूर आला तर सांडव्याचं पाणी कुठे जाईल?"

"ते सगळं पाहिलेलं आहे."

"कुठे जाईल?"

"अहो, महाराजांच्या एवढ्या मोठ्या कार्यात..."

सोमदत्त तिसऱ्यांदा त्याला विचारत बसला नाही. तो दाराकडे वळला. "बाई, गेल्या पुरात ओढ्याचं पाणी तुमच्या घरात कुठवर आलं होतं?"

काली बाहेर जाऊन थुंकून आली. "आढ्याला लागलं! माझी सासू दोन दिवस छपरावर बसून होती. आणि आता तळ्याचं पाणीही आमच्याच अंगावर सोडणार? मला म्हणाले, चल, महाराज पान देणार आहेत. मेल्यांनो, मरायला सांगायचं तर तोंडावर सांगा की!"

"अमात्य," राजा ओरडला, "तो हात काढा!"

कोपरा उघडा पडला. वाडी कापडावर काढलेलीच नव्हती.

सोमदत्त राजाकडे वळला. "महाराज, सांडवा उत्तरेच्या खडकातून काढता येतो. काम एक वर्ष लांबेल. दक्षिणेला ठेवला तर पहिल्याच महापुरात ऐंशी घरं जातील. काय करायचं ते आपण सांगावं." एवढं बोलून तो थांबला. राजाने बराच वेळ घेतला. त्या शांततेत सोमदत्ताने एक शब्द घातला नाही.

"खडक फोडा," राजा म्हणाला.

त्या जन्मीचा राजा म्हणजे आपल्याला विहार बांधून देणारा उपासक नंदक. काली म्हणजे भिक्षुणी खेमिका. सोमदत्त म्हणजे स्वतः आपले गुरू, शास्ते. आणि दीर्घघोष? तो मी. परवा प्रवचन संपवून मी "समजलं ना सगळ्यांना?" म्हणालो आणि कुणी तोंड उघडायच्या आत पात्र उचलून चालू लागलो. शास्त्यांनी मला परत बोलावून ही कथा ऐकवली. मी दीर्घघोषावर दात-ओठ खात ऐकत होतो, आणि मग त्यांनी त्याचं आजचं नाव सांगितलं.

उत्तर आपल्याविरुद्ध गेलं तरी चालेल अशा तयारीने विचारायचं आणि विचारून गप्प बसायचं, या गुणाला प्रज्ञा म्हणतात. माझ्यात ती अजून आलेली नाही. मी सांगितलं त्यातलं तुम्हांला काय पटलं नाही? मी बसलोय.