लच्चव्वाची जागा

रंगारी बोळाच्या तोंडाशी वाचनालयाची शाखा आहे ना, तिच्या भिंतींना कितीदा चुना द्या, तंबाखूचा वास काही जात नाही. ती बांधलीच होती विडी कारखाना म्हणून. शंभरेक बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, आणि त्यांच्यात वाचता येणारी एकटी अनसूयाक्का. ती मधोमध बसून पुस्तक वाचायची. तिच्या वाट्याच्या विड्या बाकीच्या बायका वळून द्यायच्या, अशी तिथली रीत होती म्हणे.

खिडकीपाशी लच्चव्वा बसायची. छातीनं खंगलेली, पण कातर अशी चालवायची की पानाला दुसरा काप लागत नसे. तिची लेक तेलंगणात दिलेली. कशावरून तरी भांडण झालं आणि सात वर्षं मायलेकींचं बोलणं बंद. त्या दिवसांत अनसूयाक्का जी कादंबरी वाचत होती, तीतही अशीच रुसलेली लेक आणि वाट बघणारी आई. लच्चव्वा एकदा म्हणाली, "अक्का, हिची लेक येती का बघ पुढं. नाही आली तर मीच जाते माझ्या लेकीकडं. मला कसला आलाय आता मानपान."

अनसूयाक्कानं घरी शेवट वाचून पाहिला. लेक येते, पण आई वारल्यावर. लच्चव्वाचा तो खोकला आठवला आणि तिचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकावर नजर ठेवून तिनं मनचंच वाचलं. लेक आली, आईच्या हातचं पोटभर जेवली. बायकांनी पदरानं डोळे पुसले. लच्चव्वानं घरी जाऊन लेकीकडं जायला बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं. म्हणाली, येईल की माझी पण.

महिन्याच्या आत ती गेली. दाराकडे बघत गेली.

मग भर दुपारी, सगळ्यांचे हात थांबलेले असताना, खिडकीपाशी कातर चालायला लागली, असं सांगतात. कच्, कच्. पान नाही, हात नाही. बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. लच्चव्वा काय मागते आहे, ते एका अनसूयाक्कालाच ठाऊक होतं. रिकाम्या कारखान्यात जाऊन ती त्या जागेसमोर बसली.

"लच्चव्वा, मी खोटं वाचलं गं."

आणि तिनं खरं पान वाचलं, एक अक्षर न गाळता. कातर थांबली. खिडकीकडून कुणी हळूच विचारलं, "तेव्हा का नाही वाचलंस?"

मालकानं जागा सोडून दिली, पण अनसूयाक्का मरेपर्यंत रोज तिथं वाचत राहिली. तिची पुस्तकं तिथंच साठली, आणि त्यातून ही शाखा झाली.

आजही तिथं पुस्तक परत करताना खिडकीकडे तोंड करून शेवटचं पान मोठ्यानं वाचावं लागतं. दुःखाचा शेवट एकदा वाचला की पुरतो. गोड असला तर दोनदा वाचायला लावतात. पहिल्या खेपेला लच्चव्वाला तो खरा वाटत नाही, म्हणे.